धंद्याचा रकाना

"मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे."

नगरच्या कचेरीतला अव्वल कारकून आत, मी उंबऱ्याबाहेर. पट्टेवाल्यानं आधीच बजावलं होतं, "आत न्हाई जायचं. हितंच उभी ऱ्हा." आमच्या डॉक्टर मडमसाहेबांचं पत्र मी उंबऱ्यावर ठेवलं होतं. कारकुनानं ते फोडायला लावलं. मग लाकडी रुळानं जवळ ओढलं, वाकून पाहिलं आणि रुळानंच परत सरकवलं.

"मडमेचं अक्षर की मुंग्यांची रांग? मिशनच्या इंग्रजी शाळेतली ना तू? वाच."

जर्मनांशी चाललेली लढाई नुकती संपली होती. मिशनच्या लोकांना नेपाळ बंद होतं. पण तिथल्या एका सरदाराच्या घरची बाई आजारी होती, म्हणून मडमसाहेबांना बोलावणं आलं. फक्त सरकारी परवाना हवा होता. मदतीला त्यांनी मला निवडलं. त्यांच्याच दवाखान्यात मी तीन वर्षं शिकून नर्स झाले होते.

मी इंग्रजीत वाचू लागले.

"मराठीत सांग. इथे कुणी गोरा बसलेला नाही."

"ही मुलगी मूळची महाराची. स्वभावानं गरीब. सांगितलेलं ऐकते. माझी..."

मी थांबले.

"माझी काय?"

"आया."

आतली चारही टेबलं हसली.

"आणि पट्टेवाल्याला नर्स म्हणून सांगत होतीस! चल, अर्ज भर. धंदा, आया."

तो शब्द माझ्या ओळखीचा होता. माझी आई मिशनच्या बंगल्यावर आया. दिवसभर व्हरांड्यातून हाक यायची, "आया!" आई हातातलं टाकून धावायची. घरी बाप तिला नुसतं "अगं" म्हणायचा. शाळेच्या पहिल्या वर्षी आईचं नाव पाटीवर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, आया. मला ते तिचं नावच वाटत होतं. शिकवणाऱ्या मिसीबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. पाटी वर्गभर फिरवली.

ती हाक अजून येते. दवाखान्यात पट्टी बांधताना, कुणीही बोलावलेलं नसताना. माझे पाय वळतात.

पट्टेवाल्यानं दौत आणि टाक उंबऱ्यावर आणून ठेवला. मी खाली बसले, टाक बुडवला. 'आ' काढला. हात आपोआप चालला. मग टाक ठेवला.

"पत्रात चूक आहे," मी म्हणाले. "मी नर्स आहे."

"म्हणजे मडम खोटं लिहिते?"

"होय."

बंगल्यावर मडमसाहेब चहा घेत होत्या. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"नर्सला वेगळा परवाना लागतो," त्या म्हणाल्या. "तुला तो कोण देईल? आया माझ्या परवान्यात येते. हे फक्त कागदावर, बाळ. देवाच्या कामात मान बघू नये."

"तुम्ही स्वतःला काय लिहिलंत?"

त्यांनी कप बशीत ठेवला.

"डॉक्टर."

"मी येणार नाही."

त्या दुसऱ्या मुलीला घेऊन गेल्या. आया म्हणून.

आई संतापली. "आमी आया म्हनून राबलो, तवा तू शिकली. आता आयाची लाज वाटती व्हय तुला?"

मला तिची लाज नव्हती. तिचं नाव कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही, याची होती. हे तिला सांगता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

पुढच्या सोमवारी मी नेपाळच्या परवान्यासाठी माझा वेगळा अर्ज घेऊन कचेरीत गेले. उंबरा ओलांडला. पट्टेवाला उठला, "ए, ए, हितंच..." मी थांबले नाही. अर्ज टेबलावर ठेवला. धंदा, नर्स. आईच्या नावाला रकाना नव्हता. ते आदल्या रात्री तिला विचारून समासात लिहिलं होतं. सोनाबाई.

कारकून रूळ शोधू लागला.

"अक्षर लागत नसेल तर मी वाचते," मी म्हणाले. "मोठ्यानं."

परवाना आला नाही. दुसऱ्या अर्जाला उत्तरही आलं नाही. तिसरा लिहून तयार आहे, समासात तेच नाव.

हाक अजून येते. पाय वळू पाहतात. मी वळू देत नाही.