केबोन्येबाईंच्या वीस रेघा

बोत्स्वानातल्या पालाप्ये गावात शाळेपुढच्या रस्त्यावर, वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यासमोर ज्या वीस पांढऱ्या रेघा आहेत, त्या रस्ते रंगवणाऱ्या केबोन्येबाईंच्या. रस्ता सरकारचा, रंगही सरकारचा. पण रेघा बाईंच्या, हे गावातली शेळीसुद्धा सांगेल. दोन रेघांमध्ये बरोबर दोन मीटर. उन्हात पोलादी फीत तापून लांबते म्हणून बाई पहाटे मापं घेत. मुकादम हसला की म्हणत, "तू झोप बाबा, जागं राहायला मी आहे."

सातवी रेघ ओली असताना तिच्यावरून गाडी घातली ती गालेबोने. शाळेच्या मुलांची कॉम्बी, म्हणजे छोटी बस, हाच चालवतो. रेघ फरफटली ती फरफटली, वर बाईंना 'म्मा', म्हणजे आई, म्हणणारा हा खिडकीतून ओरडला, "म्मा, तुमचा झेब्रा वाकडा आहे!" मग महिनाभर गावभर तेच.

त्याच गालेबोला मार्चमध्ये नोटीस आली. साठच्या वेगमर्यादेत ताशी एकशे सहा. गुन्हा शाबीत झाला तर परवाना जाणार, मुलांची फेरीही जाणार. नोटिशीसोबतचे फोटो घेऊन तो गुपचूप बाईंच्या दारात उभा राहिला.

"म्मा, माझी गाडी दरीत ढकलली तरी एकशे सहाने पडायची नाही."

"तुझं तोंडच काय ते पळतं," म्हणत बाईंनी चष्मा चढवला.

फोटो दोन, मध्ये अर्धा सेकंद. पहिल्यात पुढचं चाक तिसऱ्या रेघेवर, दुसऱ्यात त्या फरफटलेल्या सातवीवर. चार घरं, आठ मीटर. म्हणजे तासाला अठ्ठावन्न किलोमीटरही नाहीत. एकशे सहा असते तर चाक सात घरांच्या पुढे गेलं असतं.

कोर्टात कॅमेरा खात्याचा दिकोले कडक इस्त्रीत आला होता. "यंत्र लहरी सोडतं, गाडीवर आपटून त्या परत येतात, त्यावरून वेग कळतो. यात चूक कशी होईल?"

"कुठल्या गाडीवर आपटल्या, ते सांगतं का यंत्र?" गालेबोच्या बाजूने साक्षीला आलेल्या बाईंनी विचारलं.

पहिल्या फोटोच्या कडेला ओव्हरटेक करणारी पांढरी मोटार होती. दुसऱ्यात ती निसटलेली. यंत्राला वेग कळतो, तो कोणाचा ते कळत नाही. म्हणून तर पडताळ्याला रेघा. तो पडताळा खात्यात कुणी केलाच नव्हता.

दिकोलेने शेवटचा डाव टाकला. "पण या बाईंच्या रेघा मापात आहेत कशावरून? गावात तर म्हणतात, वाकड्या आहेत."

गालेबोला घाम फुटला. कोण म्हणतं ते त्यालाच ठाऊक.

"फीत आणा," बाई म्हणाल्या.

न्यायाधीश खरंच उठून सगळ्यांना घेऊन रस्त्यावर आले. भर दुपारी वाहतूक थांबली, शाळेची पोरं कुंपणाला लोंबकळली, दिकोले इस्त्रीसकट गुडघ्यांवर बसला. पहिली ते विसावी, व्हायला हवेत अडतीस मीटर.

"आठ मिलिमीटर कमी," तो पुटपुटला.

"तुमची फीत तापलीय, साहेब. पहाटे या, तेही भरून निघतील."

न्यायाधीशांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला गालेबोला सोडून दिलं.

"म्मा, झेब्रा सरळ आहे," गालेबो म्हणाला.

"कुंपणापर्यंत ऐकू गेलं नाही."

"झेब्रा सरळ आहे!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सातवी रेघ नव्याने रंगवली. गालेबो दोन्ही हात पसरून गाड्या अडवत होता. स्वतःची कॉम्बी त्याने पार शाळेमागे नेऊन लावली होती.