गुरुनाथरावांची कल्हई

रिटायर झालेल्या माणसानं बाग करावी, देवळात प्रसाद वाढावा, फार तर पत्ते कुटावेत. गुरुनाथ देवधरांनी शिसं वितळवायला घेतलं. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत बंदुकीच्या गोळ्या घरी ओतण्याचा छंद दुसऱ्या कुणालाच नव्हता, आणि त्यांच्या बायकोच्या, शुभाताईंच्या मते तो एवढ्याचसाठी त्यांनी धरला होता.

हे खूळ शूटिंग रेंजवरच्या कुणा डेल नावाच्या माणसानं त्यांच्या डोक्यात घातलं. स्वतः गुरुनाथ जन्मात दोनदा बंदूक उडवून आलेले, दोन्ही वेळा खांदा चोळत. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पहिली गोळी निघायच्या आधी घरात कातडी अ‍ॅप्रन, हातमोजे, मास्क आणि गॅरेजच्या खिडकीसाठी हा एवढा पंखा आला. टायरवाल्याकडून चाकांची जुनी शिशाची वजनं बादलीभर आणली. ती वितळवायची, वरची मळी काढायची, कथलाचा तुकडा टाकायचा आणि पळीनं साच्यात ओतायचं. साचा नीट तापलेला नसल्यामुळे पहिल्या शंभर गोळ्या मनुकांसारख्या सुरकुतलेल्या निघाल्या. त्याही लोणच्याच्या बरणीत भरून आल्यागेल्याला दाखवल्या. मोटारींच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःच्या चुका बरणीत घालून मिरवत होते.

या माणसाच्या अकलेबद्दल शुभाताईंना लग्नानंतर सहा महिन्यांतच शंका आली होती. पुढच्या बेचाळीस वर्षांत शंका उरली नाही, खात्री झाली. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या एम.एस्सी. तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासले होते. शिसं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी दोन नियम घातले: गॅरेजमधले कपडे घरात आणायचे नाहीत आणि गॅरेजमधल्या गप्पा तर मुळीच नाहीत.

मे महिन्यात गुरुनाथ आपल्या आईचं पितळी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात आले. कल्हई उडाल्यामुळे ते वीस वर्षं कपाटात पडून होतं. मिशिगनमध्ये कल्हईवाला कुठून आणायचा? आता ते आतून लखलखत होतं.

"शुभा, बघ तरी! घरी कल्हई केली. नवसागर ऑनलाइन मागवला, आणि मेटल म्हणजे अगं, मी आपलं—"

"अहो, मला त्या गॅरेजमधलं काही सांगू नका. पातेलं ठेवा तिथे आणि हात धुवा."

गुरुनाथ हात धुवायला गेले. जन्मात एक तरी काम धड केलं, असं म्हणत शुभाताई त्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी करू लागल्या. गुरुनाथांना पित्ताचा त्रास, ते चिंचेला शिवत नसत. त्यामुळे आमटी एकट्या शुभाताईच खात, आठवड्यातून तीन-चारदा.

जुलैत दूरच्या कॅरी गावाहून त्यांची लेक ऋता आली. तिला पाचवा महिना होता. "आई, मला फक्त तुझी आमटी हवीये, सीरियसली," असं तिनं फोनवरच बजावलं होतं. पानं वाढली, ऋतानं वाटी उचलली.

"पातेलं बघितलंस का?" गुरुनाथ म्हणाले. "कल्हई मी केलीये. माझं बुलेटचंच अलॉय वापरलं. शिसं आहे त्यात, पण कथीलही आहेच की."

शुभाताईंनी वाटीवर असा फटका मारला की आमटी भिंतीपर्यंत उडाली.

"घोट घेतलास का? ऋता, बोल!"

"नो! आई, काय झालं?"

शुभाताई नवऱ्यावर तुटून पडल्या. "पोरीच्या पोटात बाळ आहे! चिंचेच्या आंबटानं शिसं सुटतं, एवढंही कळू नये? स्वतः मास्क लावून बसायचं आणि विष भांड्याला फासायचं! इंजिनियर म्हणे!" पातेलं त्याच दुपारी घराबाहेर गेलं.

आठवड्यानं दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आले. गुरुनाथांच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं. शुभाताईंच्या रक्तात त्याच्या चौपट.

ऋतानं रिपोर्ट दोनदा वाचला. "आई, तू लॅबमध्ये थर्टी इयर्स हेच टेस्ट करत होतीस ना? मग मेटल कुठलं, ते विचारलं का नाहीस? आणि बाबा, तुम्ही तरी सांगायचं ना!"

शुभाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. आता हे बोलतील, त्यांना वाटलं, आणि बोलले तर आपल्याला तोंड नाही. गुरुनाथ चष्मा पुसत बसले.

"सांगायलाच आले होते गं ते," शुभाताई म्हणाल्या. "मीच ऐकून घेतलं नाही."