दाराशी काढलेल्या चपला

गॅरेजच्या दाराशी चपलांचा जोड दिसला, की मिस्त्री ट्रायलला गेलेत असं समजायचं. कुणाला विचारावं लागत नसे. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा न उचलता सांगायचा, "बसा की. चपला इथंच आहेत म्हणजे माणूस येणारच."

गाडी चालवून बघायची ती अनवाणी, ही मिस्त्रींची पद्धत. आधी पायाखालची रबरी चटई उचलून मागे टाकायची, दोन्ही तळवे उघड्या पत्र्यावर टेकवायचे आणि मग गाडी काढायची. हात खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. स्टिअरिंग धरलेले हात गाडी वळवायच्या नादात असतात, पाय बिचारे नुसते ऐकतात. टाचेखाली गुणगुण आली तर गिअरबॉक्स, चवड्याखाली मुंग्या आल्या तर पुढची चाकं. बोनेट न उघडता ते दुखणं सांगत आणि शंभरातल्या नव्वद वेळा ते खरं निघे. उरलेल्या दहांबद्दल ते बोलत नसत.

एकदा एक जीप ट्रायललाच बंद पडली, गावापासून दोन कोसांवर. मिस्त्री तापलेल्या डांबरावरून उड्या मारत परत आले. न्हाव्यानं विचारलं, "काय मिस्त्री, गाडीनं काही सांगितलं का?" मिस्त्री म्हणाले, "तिनं सांगितलं ते सांगितलंच, पण रस्त्यानं जास्त सांगितलं." ती गोष्ट पुढं कितीतरी वर्षं गॅरेजात सांगितली जात होती.

लग्न झालं तेव्हा मिस्त्रींकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. बायकोला फिरायला न्यायचं तर कसं? मग ते तिला ट्रायलला न्यायला लागले. दुपारी ती डबा घेऊन गॅरेजात यायची. मिस्त्री चपला काढून चाकामागे बसत आणि ती शेजारी, मांडीवर डबा धरून. वकिलाची मोटार, बँकेची जीप, पेट्रोलपंपवाल्याची नवी कोरी गाडी. "स्वतःची एक नाही, पण गावातल्या सगळ्या गाड्यांत मी बसलेय," असं ती पुढं मोठ्या तोऱ्यात सांगायची. चालता चालता मिस्त्री विचारत, "काय वाटतं गं?" ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि थोड्या वेळानं, "मागून कुणीतरी दळतंय असं वाटतं." मिस्त्री मागचं बेअरिंग उघडत. ते गेलेलं असे.

मग मुलगी झाली. पुढं सासूबाईंचं आजारपण, मुलीची शाळा. ट्रायलचं फिरणं कधी थांबलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बायको सकाळीच डबा घरातल्या खुंटीला अडकवून ठेवायची आणि मिस्त्री जाताना तो घेऊन जायचे.

आता गॅरेज मुलगी बघते. तिच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र आहे, लोखंड कातायचा लेथ आहे, हाताखाली दोन माणसं आहेत. ट्रायल मात्र अजून बाबांची. "बाबा हो म्हणाल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. त्या एका वाक्यावर मिस्त्री रोज सकाळी दाढी करून गॅरेजात यायचे.

आणि मिस्त्रींच्या पायांना गेलं दीड वर्ष काही कळत नव्हतं.

साखरेचं दुखणं जुनंच होतं. आधी तळव्यांखाली कापूस ठेवल्यासारखं वाटायचं, पुढं पुढं तोही वाटेनासा झाला. मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही. चटई मागे टाकायचे, चपला दाराशी काढायचे आणि कानांवर, अंदाजावर, चाळीस वर्षांच्या सवयीवर वेळ निभावून न्यायचे. निभतही होतं. गुरांच्या डॉक्टरांची पिकअप येईपर्यंत.

डॉक्टर डोंगरातल्या वस्त्यांवर गुरं तपासायला जात. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, पण दगड पोटाला लागतात म्हणून त्यांनी ती शहरातून चार इंच उंच करून आणली. उंटासारखी दिसायला लागली. दुसऱ्याच आठवड्यात ते गॅरेजात हजर.

"मिस्त्री, साठच्या पुढं गेलं की गाडी थंडी भरल्यासारखी थरथरते. मागं औषधाच्या बाटल्या एकमेकींवर आपटून फुटायला लागल्यात. परवा एका म्हशीचं अख्खं औषध गाडीच प्यायली."

मिस्त्रींनी ट्रायल मारली. त्यांच्या तळव्यांना काही लागलं नाही. पण गाडी उंच केली की चाकांचा तोल बिघडतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चाकांचा तोल करून घेतला, पुढचा एक एक्सल जुना दिसत होता तोही बदलायला लावला. पुन्हा चपला काढून फिरून आले. पायाखाली सगळं शांत होतं.

"गेली थरथर," ते म्हणाले. "न्या बिनघोर."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर परत आले. ओरडले नाहीत. त्यांनी मागचं फळकूट खाली पाडून नुसत्या काचा दाखवल्या.

"तुम्ही गेली म्हणालात म्हणून मी बाटल्या बांधल्यासुद्धा नव्हत्या हो."

मुलगी पटकन म्हणाली, "राहू द्या गाडी, डॉक्टर, आम्ही बघतो." आणि बाबांकडे तिनं बघितलं नाही. ते न बघणं मिस्त्रींना काचांपेक्षा जास्त लागलं. त्यांचा शब्द घेऊन गाडी गेली होती, आणि तो शब्द पायांना न विचारताच दिलेला होता. रविवारी मुलीला सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं, की यापुढं ट्रायल तुझी. आणि मग सकाळची दाढी कशासाठी करायची, हा विचार मात्र त्यांनी पुरा केला नाही.

रविवारी गॅरेज बंद असतं. पिकअप आत उभी होती. मिस्त्री किल्ली घेऊन गाडीकडे निघाले, तर बायको डबा घेऊन गॅरेजच्या दारात उभी.

"मी पण येते."

"कुठं?"

"ट्रायलला. किती वर्षं झाली, मला एवढ्या उंच गाडीत कुणी बसवलं नाही."

"अगं, चढता येणार नाही तुला."

"स्टूल आणा की मग."

स्टूल आणलं. ती गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा 'आई गं' म्हणून चढली आणि मांडीवर डबा घेऊन बसली. मिस्त्री दाराशी चपला काढायला वाकले.

"असू द्या पायात," ती वरून म्हणाली.

"चपला घालून मला कळत नाही."

"काढून तरी कळतं का?"

मिस्त्री वाकलेलेच राहिले.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या चपलेनं. मागं साबण आणायला गेलात आणि एकाच पायात चप्पल घेऊन घरी आलात. उंबऱ्यात उभं राहून मलाच विचारलंत, दुसरी कुठं गेली. पानाच्या दुकानापुढं पडलेली मीच नाही का जाऊन आणली? पायातली चप्पल गेलेली ज्याला कळत नाही, त्याला गाडीचं काय कळणार?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. चला आता. पत्र्यावर पायाला काही लागलं तर तेही कळायचं नाही."

मिस्त्री चपला घालून चाकामागे बसले. सासुरवाडीत पहिल्यांदा जेवायला बसावं तसं त्यांना अवघडल्यासारखं झालं.

वीटभट्टीकडचा रस्ता सरळ आणि नवा, गुळगुळीत डांबरी. चाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले, आणि डब्याचं झाकण वाजायला लागलं. बारीक, भरभर, दात वाजावेत तसं. मिस्त्रींना तो आवाज ऐकू आला आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढी थरथर, आणि आपण 'गेली' म्हणालो.

रस्ता जिथं संपतो तिथं भट्टीवाल्यांनी माती कालवून चिखल करून ठेवलेला असतो. गाडी तिथूनच वळवायची होती, म्हणून चिखल यायच्या आधीच मिस्त्रींनी चारही चाकांना जोर देणारी दांडी ओढली.

"आता काय केलंत?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. पुढं चिखल आहे."

"नाही, काहीतरी केलंत. डबा गप्प झाला."

मिस्त्रींनी काट्याकडे बघितलं. वेग तोच होता, डांबरही अजून संपलं नव्हतं. त्यांनी दांडी परत ढकलली. झाकण वाजायला लागलं. ओढली, गप्प. ढकलली, वाजलं.

"काय वाटतं गं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांनी आपण हे विचारतोय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. मग झाकणावर बोट ठेवून जरा थांबली. "रिकामं हिंडतंय तोवर थरथरतंय. कामाला लावलं की शहाण्यासारखं वागतंय. तुमच्यासारखंच."

मिस्त्री रस्त्यात गाडी उभी करून हसले. हसता हसताच त्यांना सगळं दिसलं. पुढच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, पुढचं डिफरेन्शियल. त्यातून दोन्ही बाजूंना चाकांकडे दांडे, म्हणजे एक्सल, जातात. गाडी उंच केली की चाकं खाली राहतात, गोळा वर जातो आणि आडवे दांडे उतरते होतात. डाव्या बाजूला दांडा गोळ्यात शिरतो, तिथं सुयांएवढ्या बारीक रोळांचं बेअरिंग असतं, सैलसर. जोर नसताना उतरता दांडा त्यात डुगडुगत फिरतो. जोर दिला की तोच दांडा ताणला जाऊन आपल्या जागी बसतो. चाकं, एक्सल यांचा काही दोष नव्हता.

गॅरेजात येऊन मिस्त्री गाडीखाली शिरले. डावा दांडा गोळ्याजवळ मुठीत धरून त्यांनी खालीवर हलवला. टक. पुन्हा टक. हाताला अगदी स्पष्ट लागलं. ज्या हातांना आयुष्यभर खोटारडे म्हटलं, त्यांची त्यांनी तिथंच, ग्रीसमध्ये पडल्या पडल्या मनातल्या मनात माफी मागितली.

मुलीला त्यांनी बोलावून घेतलं. आधी पायांचं सांगितलं, मग गाडीचं. पहिली गोष्ट ऐकून ती खाली बसली आणि त्यांच्या तळव्यावर तिनं नख टोचलं. "हे?" "नाही." "हे?" "नाही." मग नाक पुसून उठली आणि लेथ चालू केला. सुयांचं बेअरिंग काढून त्या जागी गनमेटल या कठीण धातूची भरीव बुश, म्हणजे जाड नळी, बसवायची, दांडा तिच्यात घट्ट पण मोकळा फिरला पाहिजे. गोळाही पट्ट्या घालून बोटभर खाली घेतला, म्हणजे दांड्यांचा उतार कमी झाला. नवं सील, नवं तेल. मिस्त्री मापं सांगत होते, ती पुन्हा मोजून बघत होती. पूर्वी ती बाबांचं माप मोजून बघायची नाही. त्यांना ते खुपलं, आणि बरंही वाटलं.

सोमवारी डॉक्टर आले.

"काय मिस्त्री, गेली का थरथर?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "डॉक्टर, मागच्या वेळी मी गेली म्हणालो ते खोटं होतं. माझ्या पायांना कळत नाही आता. तुमच्या बाटल्या माझ्यामुळं फुटल्या."

डॉक्टरांनी खाली वाकून त्यांचे पाय बघितले. "तुम्ही म्हैस असतात तर हे दुखणं मी कधीच ओळखलं असतं," ते म्हणाले. "माणसांचं आम्ही बघत नाही. मग आता सांगणार कोण?"

"ती सांगेल," मिस्त्री म्हणाले.

बायको डबा घेऊन स्टुलावर चढतच होती.

तिघं भट्टीपर्यंत जाऊन आले. साठ झाले, सत्तर झाले. झाकण वाजलं नाही. डॉक्टरांनी दोनदा दांडी ओढून, ढकलून बघितली. बायकोनं झाकणावरचं बोट काढलं आणि म्हणाली, "न्या बिनघोर."

त्या दिवसापासून ट्रायल दोघांची झाली. फक्त न्हाव्याची पंचाईत झाली. मिस्त्री आता चपला घालूनच जातात, त्यामुळं गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते त्याला कळत नाही. परवा एकानं विचारलं, तर दाराकडे बघून तो म्हणाला, "चपला नाहीत म्हणजे माणूस इथंच कुठंतरी असेल." मुलगी आतून ओरडली, "स्टूल बघा, स्टूल! स्टूल बाहेर आहे म्हणजे दोघं फिरायला गेलेत."