मंजुळाकाकीचं ग्रीनकार्ड

मंजुळाकाकीला पडवळ विकता येत नसे. बसायची रोज, माकुणसारहून टोपली घेऊन सफाळ्याच्या बाजारात, पण गिऱ्हाइकाने "ताजी आहेत ना?" असं विचारलं की सांगे, "काल दुपारची हायत. ही वरची दोन घेऊ नका, आतून जून झालीत." शेजारच्या बायका कपाळाला हात लावत. मी एकदा म्हटलं, "काकी, एवढं सांगायची काय गरज?" तर म्हणाली, "त्यांनी विचारलं म्हणून सांगतलं गो."

आमची घरं लागून. तिचा एकुलता एक वसंत तारापूरला कारखान्यात इंजिनियर होता. सत्तरच्या दशकात तो अमेरिकेला गेला आणि तिथलाच झाला. काका वारल्यावर त्याने आईचं ग्रीनकार्ड काढलं. काकी अमेरिकेची कायमची रहिवासी झाली म्हणून गावात कोण कौतुक. त्या 'कायमची'ला अटी होत्या, त्या वसंताने सुट्टीवर आला तेव्हा ओटीवर बसून समजावल्या. वर्षाच्या आत परत जायचं, आणि नुसतं तोंड दाखवून यायचं नाही. घर तिकडे, इकडे आपण पाहुणे, असं राहायचं.

काकीला ते लगेच कळलं. "म्हणजे वहिवाट," ती म्हणाली. त्यांच्या वाडीला स्वतःचा रस्ता नव्हता, शेजाऱ्याच्या वाडीतून जायचा हक्क होता. तो मोडू नये म्हणून काका काम नसलं तरी एक फेरी मारून येत. "चालत राह्यलं की वाट आपली. पण वसंता, वाटेवर कुणी घर बांधतं का रे?" वसंत हसला. मला मात्र तेव्हाच धाकधूक वाटली होती.

वालाच्या शेंगा संपल्या की काकी जाई आणि पावसाच्या तोंडावर परत येई. अशी काही वर्षं निभावली. मग एका खेपेला तिकडच्या विमानतळावर साहेबाने अडवलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, घर कुठे आहे? वसंताने उत्तर घोकून घेतलं होतं. काकी म्हणाली, "माकुणसारला. इकडे मुलगा ऱ्हातो." परत कधी जाणार? "पावसाच्या आत. पडवळाचे मांडव घालायचे हायत." कसल्याशा कागदावर अंगठा घेऊन त्यांनी कार्ड काढून घेतलं आणि पाहुणी म्हणून तेवढ्या खेपेपुरतं आत सोडलं. वसंत कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही. काकी मात्र परत आल्यावर म्हणाली, "सुटले बाई एकदाची."

पुढे दोनेक वर्षांनी आमच्याकडे काकीच्या सुनेचा फोन आला. वसंताला पोटाचा कॅन्सर झाला होता, दुखणं हाताबाहेर गेलं होतं, प्रवास शक्यच नव्हता. काकीलाच जायला हवं होतं आणि आता त्यासाठी व्हिसा लागणार होता. मी तिला मुंबईला घेऊन गेले. गाडीत वैतरणेपासून तिला एकच शिकवत होते, "पंधरा दिवसांत परत येते म्हणायचं. वाडी आहे, घर आहे, मांडव आहेत, सगळं सांगायचं." ती मान हलवत होती.

अमेरिकन वकिलातीच्या खिडकीत एक गोरी बाई होती. तिने विचारलं, किती दिवस राहणार? काकी म्हणाली, "तो बरा होईपर्यंत. नाय झाला तर शेवटपर्यंत. आता मी त्याला सोडून येणार नाय." पासपोर्ट काचेखालून परत आला. राहणार नाही म्हणाली तर कार्ड काढून घेतलं, राहणार म्हणाली तर दारातच उभं केलं नाही. मला त्या देशाचा असा संताप आला की विचारू नका. त्याहून जास्त काकीचा आला.

वसंत श्रावणात गेला. काकी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी रडली. नंतर टोपली घेऊन बाजारात बसणंच तिने सोडलं.

दिवाळीनंतर एकदा तिच्या ओटीवर शेंगा सोलताना माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "काकी, एकदाच खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"मला येत नाय असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "तू शिकवलंस ते सगळं पाठ होतं. साहेब असता तर तेच बोलणार होते. पण समोर बाई होती गो. मला वाटलं, पोराचं खरं सांगतलं तर बाई सोडेल."