तबेल्यातला जानोसा

जगातली सगळ्यांत शहाणी इमारत म्हणजे तबेला, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की नेमका तोच माझा सासरा झाला. मोर्शीकडचे शेतकरी. अमरावतीच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाचा लाल विटांचा तबेला होता. तिथे कडबा पोचवता पोचवता सासरेबुवा त्या इमारतीच्या प्रेमात पडले. नवी ओळख झाली की लोक गाव विचारतात, हे विचारत, "भित किती हाताची हाये तुमची?" देवळात गेले तरी आधी कमान न्याहाळून घ्यायचे, मग देवाला नमस्कार. साहेबाच्या बंगल्याविषयी मात्र त्यांना काडीचा आदर नव्हता. "साहेब बंगल्यात घामानं भिजून राह्यला, अन् घोडा इकडं मस्त गारव्यात उभा. आता सांगा, मालक कोन?"

आमचं लग्न वैशाखात ठरलं. तोवर साहेबानं मोटार घेतली होती आणि तबेला रिकामा पडला होता. सासरेबुवांनी हातापाया पडून तो मागून घेतला, घासूनपुसून लख्ख केला आणि अकोल्याहून आलेल्या आमच्या वऱ्हाडाला जानोसा म्हणून तिथेच उतरवलं.

घोड्यानं इथेच पेंड खाल्ली. मला वडील नाहीत, मानपानाच्या किल्ल्या काकांकडे. ते दारातच थबकले. "नवरदेव तबेल्यात? संध्याकाळपर्यंत जागा बदला, नाहीतर वऱ्हाड परत नेतो." मुलगी मला मनापासून आवडली होती. तेव्हा मी काय केलं? मी, अकोल्याच्या शाळेत मुलांना शौर्यकथा शिकवणारा मास्तर, गुपचूप एका घोड्याच्या खणात जाऊन बसलो. भिंतीवर त्या घोड्याचं विलायती नाव होतं आणि ते माझ्या नावापेक्षा भारदस्त होतं. "जिजाजी, चंदी आनू काय, हरभऱ्याची?" धाकट्या मेव्हणीनं विचारलं. मी नको म्हणालो, तेही आदबीनं.

सासरेबुवा काकांपुढे हात जोडून उभे. "इवाईबुवा, वरतं पाहा. मोठ्या छपरावर धाकलं छप्पर हाये, तिकून गरम हवा निंघून जाते. खिडक्या घोड्याच्या डोक्याच्याबी वर, ऊन डोयात येत नाही." हे ऐकून काका आणखीच भडकले आणि वळकटी उचलून शेजारच्या टिनाच्या धर्मशाळेत गेले.

ऐन दुपारी परत आले. डोळे लाल, अंग घामानं चिंब. माझ्या शेजारच्या खणात आडवे झाले आणि घोरू लागले. तिथली फरशी नालीकडे उतरती असते, त्यामुळे जागे झाले ते नालीतच. पण लग्न लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात सासरेबुवा आमच्या अकोल्याच्या बिऱ्हाडी आले. बिऱ्हाड म्हणजे टिनाच्या दोन खोल्या. त्यांनी वर पाहिलं. आता व्याख्यान होणार, म्हणून मी सावरून बसलो. पण त्यांनी लेकीच्या हातातला पंखा घेतला आणि दुपारभर तिला वारा घालत बसले. निघताना मीच भीतभीत विचारलं, घर कसं वाटलं?

"लेक हासून राह्यली, जवाईबापू. म्हंजे चांगलंच हाये."

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. टिन अजून तेच आहे. वैशाख तापला की मी पंखा घेऊन बायकोजवळ बसतो. ती थोडा वेळ सोसते आणि म्हणते, "राहू द्या, बाबासारखं नाही जमत तुमाले."

खरंच नाही जमत.