पिनाकिनीचं मीठ

बोम्मसंद्राच्या आमच्या पाणी तपासणी लॅबमधल्या जुन्या फायली दरवर्षी रद्दीत जातात. किस्से मात्र डोक्यातच साचतात. जयनगरला घरी येऊन सांगायला लागलो की बायको म्हणते, "आधी बीपीची गोळी घ्या, मग बोला!" तर गोळी घेतलीय. ऐका.

*

एका कारखान्याचा मॅनेजर सांडपाण्याचं सॅम्पल घेऊन आला. हे पाणी थेट दक्षिण पिनाकिनीत जातं. नदीत क्षार किती वाढलेत, ते आम्ही रोज मीटरवर बघतो. माझ्या टेबलाशेजारी बसणारी विमलाक्का, मूळची निपाणीची आणि तोंडाची फटकळ. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली.

"सर, सांडपाणी दुकानात कधीपासून मिळायला लागलं? निदान सील तरी तोडायचं!"

लाजला असेल? छे! "तोडतो की," म्हणाला, आणि आमच्यासमोर तोडलं!

*

बेळ्ळंदूरच्या एका अपार्टमेंटला टँकरवाला 'कावेरीचं पाणी' म्हणून पाणी देत होता. नळ पांढरे पडले, गीझर गेले, लोकांचे केस हातात यायला लागले. तपासलं तर नदीकाठच्या बोअरचं खारट पाणी!

रिपोर्ट बघून सेक्रेटरी हळूच म्हणाले, "यावर 'कावेरी' लिहाल का? मला फ्लॅट विकायचाय."

विमलाक्का म्हणाली, "लिहिते की. 'कावेरी, समुद्राला मिळाल्यानंतरची'!"

*

एकदा एका सरकारी ऑफिसातून फोन. "नदीचं सॅम्पल सोमवारी घेऊ नका."

"का?"

"गुरुवारी पाऊस आहे. पावसानंतर आकडे जरा बरे येतात."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग खालच्या गावांनाही सांगू का, पाऊस पडेल तेव्हाच पाणी प्या म्हणून?"

"सरी, सरी, ठीक आहे. गुरुवारी नक्की!"

ऐकलंच नव्हतं त्याने!

*

नंजुंडप्पांची नदीकाठी गुलाबाची शेती. नदीचं पाणी देऊन देऊन माती पांढरी पडली, पानांच्या कडा जळून गेल्या. आमचा रिपोर्ट घेऊन ते वरच्या अंगाच्या एका कारखान्यात गेले. तिथल्या साहेबाने रिपोर्ट उघडलासुद्धा नाही.

"अण्णा, गुलाब सोडा. खारं पाणी सोसेल असं काहीतरी लावा."

"लावतो," नंजुंडप्पा म्हणाले. "तुमच्या मुलीच्या लग्नात तिच्या केसांत तेच माळा!"

*

आणि हा मुनियम्माचा. नदीकाठच्या गावात अधिकारी पाहणीला आले होते, सॅम्पल घ्यायला मी सोबत. दुपारचं जेवण मुनियम्माकडे. तिची विहीर नदीला लागूनच, स्वयंपाक त्याच पाण्यावर. सांबारातली डाळ दाताखाली कचाकच लागत होती.

मोठे साहेब ताट सारत म्हणाले, "अम्मा, डाळ जुनी दिसते."

मुनियम्मा उठली. बाहेर गेली आणि साहेबांच्या जीपमधला पिण्याच्या पाण्याचा कॅन काखेत मारून घेऊन आली. होतं नव्हतं तेवढं पाणी पातेल्यात ओतलं, त्याच डब्यातली डाळ त्यात टाकली आणि चुलीवर चढवली. मग विहिरीच्या पाण्याने चार पेले काठोकाठ भरून साहेबांपुढे मांडले.

"स्वल्प वेळ लागेल. तोवर पाणी प्या."

डाळ लोण्यासारखी शिजली. पेले काठोकाठ भरलेलेच होते.