दम धरलेली आजी

खरं सांगते, त्या आठवड्यात मी माझ्या खोलीतल्या दत्ताच्या तसबिरीकडे बघायचंही टाळत होते. गारगोटीहून कोल्हापुरात रेडिओग्राफी शिकायला येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि छातीचा साधा एक्स-रे मला नीट जमत नव्हता. पुस्तकातलं सगळं पाठ होतं. पेशंटची छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, हात मागे कमरेवर, खांदे पुढे लोटायचे, म्हणजे पाठीच्या फऱ्यांची हाडं फुप्फुसांवरून बाजूला होतात. मग पूर्ण श्वास भरून धरायला सांगायचं. पण समोर माणूस उभा राहिला की माझा आवाज चढायचा, तो भांबावायचा आणि फिल्म बिघडायची. एकाच दिवशी दोघांचे एक्स-रे पुन्हा काढावे लागले. माझ्या चुकीपायी त्यांच्या अंगावर विनाकारण किरणं गेली, हे मला फार लागलं. आमचे सर रागावले नाहीत. "मन लागत नसेल तर सांग, यात लाज नाही," एवढंच म्हणाले. हे काम आपलं नव्हेच, असं आईला फोन करून कळवायचं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडमुडशिंगीच्या एक आजी लेकीच्या आधारानं आल्या. आठवडाभर ताप, धाप, डावी कूस दुखत होती. सर मला म्हणाले, "डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी साचलं असावं असं डॉक्टरांना वाटतंय. श्वास पुरता भरला नाही तर तळ दिसायचा नाही. तूच घे."

आजींच्या गळ्यातलं काढून लेकीकडे दिलं, वेणी वर बांधली, त्यांना प्लेटसमोर उभं केलं. पण यंत्र बघून त्यांनी खांदे ताठ आवळून धरले. श्वास घ्या म्हटलं की इवलासा घ्यायच्या आणि लगेच सोडायच्या. "मला न्हाय जमायचं पोरी, सोड मला," म्हणून त्या रडायला लागल्या. माझेही डोळे भरले. मनात म्हटलं, दत्तमहाराज, माझ्याच्यानं होत नाही, आता तुम्हीच बघा.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर, मोडका हात गळ्यात अडकवून एक बाई नंबरची वाट बघत बसली होती. ती उठून दारात आली.

"अवो आक्का, दत्ताच्या वाडीला संगमावर कधी गेलाय का न्हाय?"

"गेलतो की," आजी हुंदका आवरत म्हणाल्या. "वर्साला जातो."

"मग बुडी मारताना दम कसा कोंडता? तसाच कोंडा की. डोळं झाका, म्हाराजांचं नाव घ्या आन् पाण्यात जावा."

एवढं बोलून तिनं बाहेरून दार लावून घेतलं. आजींचे ताठरलेले खांदे माझ्या हाताखाली सैल पडले. मी अलगद ते पुढे लोटले, किरणं अडवणाऱ्या काचेमागे गेले आणि म्हणाले, "आजी, चला पाण्यात." त्यांची छाती वर उचलली गेली आणि तशीच थांबली. मी बटण दाबलं.

"या वर, आजी."

फिल्मवर फरे बाजूला गेलेले, गळ्याकडची दोन्ही हाडं मधल्या मणक्यापासून सारख्या अंतरावर, म्हणजे आजी सरळ उभ्या होत्या, आणि डाव्या तळाशी साचलेलं पाणी स्वच्छ दिसत होतं. सरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "मला बोलायला काही ठेवलं नाहीस," म्हणाले. दुपारीच डॉक्टरांनी ते पाणी काढलं. सरांनी फिल्म बघितल्याबरोबर मी बाहेर धावले होते, पण तोवर त्या बाईंचा एक्स-रे शेजारच्या खोलीत होऊन त्या निघून गेल्या होत्या. नाव विचारायचं राहून गेलं. कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे.

तीन आठवड्यांनी आजी तपासणीला परत आल्या. या वेळी स्वतःच्या पायांनी, ताठ. मी काही सांगायच्या आधीच हात कमरेवर, खांदे पुढे. "घे गं फोटू. मी निघालो बग आत," म्हणाल्या आणि दम भरून उभ्या राहिल्या. दोन्ही फुप्फुसं मोकळी होती.

मी शिकणं सोडलं नाही. आईला तो फोन कधी केलाच नाही. काचेमागचा तो क्षण मला पूर्वी भीतीचा वाटे, कारण तिथं आपल्या हातात काहीच उरत नाही. आता तोच विसाव्याचा वाटतो. जमेल तेवढं नीट उभं केलेलं असतं. पुढचं त्या माणसाच्या श्वासाचं आणि श्वास देणाऱ्याचं. बटणावर बोट ठेवताना मी मनात एवढंच म्हणते, "माझं करून झालं, महाराज."